सपोर्ट 100, तरी झाड चुकलेलं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी दोन झाडं, म्हणजे डीएनएवरून काढलेले पक्ष्यांचे वंशवृक्ष, आपसात भांडत होती. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघरांचा) डीएनए म्हणत होता, या दोन जाती सख्ख्या. केंद्रकातली जनुकं म्हणत होती, चुलत. मला वाटलं, संकर सापडला! गाइडनी एवढंच विचारलं, "नमुना रक्ताचा की स्नायूचा?"

रक्ताचा होता. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे रक्तात केंद्रकाचा डीएनए भरपूर. त्यात मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांच्या जुन्या, मोडक्या नकला पडलेल्या असतात आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) कधीकधी त्याच उचलतो. सायटोक्रोम-बी या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाचा क्रम प्रथिनात बदलून पाहिला, तर मधोमध स्टॉप कोडॉन, म्हणजे 'इथे थांब' ही खूण; चालू जनुकात ती मधे नसते. (कोडचा तक्ता पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचाच लावा, त्यात टीजीए ही तीन अक्षरं 'थांब' म्हणत नाहीत, नाहीतर ती दिसली की उगाच घाबराल.) तीन महिने पाण्यात. स्नायूत मायटोकॉन्ड्रिया भरपूर, म्हणून डीएनए तिथून पुन्हा काढला, तेव्हा निम्मं भांडण मिटलं.

उरलेलं निम्मं खरं होतं. वाड्यात लागोपाठ दोन वाटण्या झाल्या, तर आजीचं पातेलं कुणाकडे आहे यावरून सख्खं-चुलत ठरत नाही. जनुकांचंही तसंच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले, त्या सुमारास पक्ष्यांच्या फांद्या भराभर फुटल्या आणि जुनी जनुकरूपं कशीही वाटली गेली. 2014 साली 48 पक्ष्यांच्या जीनोमवरून (संपूर्ण डीएनएवरून) झाड काढलं, तेव्हा तपासलेल्या हजारो जनुकांपैकी एकाचंही झाड त्या मुख्य झाडाशी तंतोतंत जुळलं नाही.

त्या झाडात रोहित (फ्लेमिंगो) आणि टिबुकली पारव्यांच्या जवळ बसले होते. भिगवणला दुर्बिणीतून रोहित पाहताना ते नातं मला कधी पटलं नाही, पण माझ्या न पटण्याला पुरावा कुठे होता? 2024 मध्ये 363 जातींचे जीनोम तपासल्यावर रोहित-टिबुकली वेगळे निघाले आणि पारवे गेले कोकीळ-माळढोकांच्या गटात. घोळ मुख्यतः एका गुणसूत्राच्या सुमारे 2.1 कोटी अक्षरांच्या पट्ट्याने घातला होता. तिथे पुनर्संयोजन (आईकडच्या आणि वडिलांकडच्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) जवळपास थांबलं होतं, म्हणून तो अख्खा पट्टा एकच जुनी गोष्ट एकसुरात सांगत राहिला.

म्हणून नव्यांनी बूटस्ट्रॅप (झाडाच्या फांदीला डेटाचा किती सपोर्ट आहे त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 100 दिसला की पेढे वाटू नयेत. डेटा वाढला की चुकीचं उत्तरही ठामपणे येतं. प्रत्येक जनुकाचं झाड वेगळं काढा, कॉन्कॉर्डन्स फॅक्टर (किती जनुकं त्या फांदीशी सहमत आहेत) बघा, विरोधी मतं गुणसूत्रावर मांडा. सगळीकडे विखुरलेली असतील तर वाटण्यांचा गोंधळ असण्याची शक्यता जास्त. एकाच जागी गठ्ठ्याने आली, तर त्या जागेकडे संशयाने बघा. आणि त्याआधी फ्रीझरमधल्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा: रक्त की स्नायू.