उद्यमबागेतून ब्रिटनला जाताना: इनोव्हेटर फाउंडर व्हिसाची तयारी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील उद्योजकाला आपला नवउद्योग ब्रिटनमध्ये उभारायचा असेल, तर 2023 पासून लागू असलेल्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसासाठी त्याने ब्रिटिश गृहखात्याची मान्यता असलेल्या संस्थेचे अनुमोदनपत्र मिळवावे. कल्पना नवी, व्यवहार्य आणि विस्तारक्षम असल्याचे तिथे पटवावे लागते, नुसते भांडवल दाखवून भागत नाही. इंग्रजीची बी-2 पातळी (युरोपीय भाषा-मापनातील उच्च-मध्यम पातळी) सिद्ध करावी आणि निर्वाहाची ठरलेली रक्कम सलग 28 दिवस खात्यात ठेवावी.

खरी दमछाक कागदपत्रांत होते. शाळेचा दाखला मराठीत, जन्मनोंद कन्नडमध्ये, जुन्या इंग्रजी कागदांवर ‘बेलगाम’ आणि 2014 नंतरच्यांवर ‘बेळगावी’, अशी सीमाभागातली (आपल्या अंगवळणी पडलेली) सरमिसळ असते. म्हणून नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्यावे, कारण अनुमोदनपत्र मिळाल्यावर अर्जाला तीनच महिने उरतात.