वर्षभराची इंटर्नशिप आणि दोनशे पानी वही

पुण्यात वर्षभराच्या इंटर्नशिपसाठी निघालेल्या विद्यार्थ्याने खोली शोधायला लागण्याआधी ऑफर लेटर दोनदा वाचावे, एकदा हौसेने आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. सुरुवातीची व अखेरची तारीख, कामाचे ठिकाण, स्टायपेंडची रक्कम आणि ती जमा होण्याचा दिवस, परीक्षेच्या काळातील रजा, शेवटी मिळणारे प्रमाणपत्र यांपैकी जे पत्रात नसेल ते एचआरला मेलवर विचारावे. फोनवरचे ‘हो, होऊन जाईल’ वर्षाच्या शेवटी कोणाला दाखवता येत नाही. इंटर्न आणि अ‍ॅप्रेंटिस हे शब्द बोलताना सरसकट वापरले जातात, परंतु १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या अ‍ॅप्रेंटिसचा करार नोंदवला जातो आणि त्याचे किमान विद्यावेतन नियमांनी ठरलेले असते. इंटर्नच्या हाती मात्र बहुतेक वेळा त्या पत्रात जे लिहिले असेल तेवढेच असते.

माझे महाविद्यालय सोलापूरचे आणि कंपनी हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमधली. शेवटच्या वर्षाची ही इंटर्नशिप करताना जे चुकत शिकलो, ते पुढच्या मुलामुलींना आधी कळावे म्हणून लिहीत आहे.

राहण्याची जागा कार्यालय पाहून ठरवावी, शहराविषयीच्या कल्पना पाहून नव्हे. हिंजवडी शहराच्या पश्चिम टोकाला आहे आणि खराडी पूर्वेच्या. पुण्यात जायचे म्हणजे सदाशिव पेठेत राहायचे, असे आमच्याकडे अजूनही अनेकांना वाटते. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला ते सोयीचे असेलही, पण हिंजवडीला रोज जाणाऱ्याने तो मोह आवरावा. पहिले पंधरा दिवस वाकड, थेरगाव किंवा मारुंजीच्या बाजूला कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, काढावेत, सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेसहाला रस्त्यांची अवस्था स्वतः पाहावी, आसपासच्या दोन-तीन मेसमध्ये जेवून पाहावे आणि मगच डिपॉझिट भरावे. पावसाळ्यात हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातून निघणाऱ्याने घड्याळाकडे न बघितलेले बरे. खराडीला जाणाऱ्यांना वनाझ ते रामवाडी मेट्रोचा उपयोग होतो, मात्र रामवाडीहून पुढे बस किंवा रिक्षा धरावीच लागते आणि तो वेळही हिशेबात घ्यावा लागतो. कामाच्या वेळा सैल असतील तर सकाळी साडेआठला पोहोचून साडेपाचला निघण्याची परवानगी पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी. गर्दीच्या आधी निघाल्याने माझा रोजचा तासभर वाचला.

भाडेकराराच्या बाबतीत भिडस्तपणा ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. माझ्या पहिल्या घरमालकांनी ‘तुम्ही मुलासारखेच, कागद कशाला?’ असे म्हटले आणि मीही त्यावर विरघळलो. खोली सोडताना मुलासारखेपण संपले. ओल येऊन सोललेल्या एका भिंतीच्या रंगकामासाठी अर्धे डिपॉझिट कापले गेले. ती ओल मी राहायला येण्याआधीपासून होती, हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हते. दुसऱ्या खोलीत सामान नेण्याआधी मी भिंती, नळ, खिडक्यांच्या काचा आणि वीजमीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकांना पाठवले, तेव्हा ते हसले, पण नंतर वाद झाला नाही. आणखी एक बारीक अडचण अशी की करार बहुधा अकरा महिन्यांचा होतो आणि इंटर्नशिप बारा महिन्यांची असते. शेवटच्या महिन्यासाठी नवा करार, वाढीव भाडे आणि ब्रोकरेज यांची बोलणी तेव्हाच उकरली जाऊ नयेत, म्हणून सुरुवातीलाच त्या महिन्याचे काय, हे लिहून घ्यावे.

कंपनीतला पहिला महिना बहुतेक इंटर्नना रिकामा वाटतो. लॅपटॉप मिळायला काही दिवस जातात, परवानग्या मिळायला आणखी काही, आणि मेंटॉर स्वतःच्या डेडलाइनमध्ये बुडालेला असतो. अशा वेळी ‘सर, काही काम आहे का?’ असे विचारल्यास ‘सांगतो’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्यात त्याचा दोष नसतो, कारण नवख्याला झेपेल असे काम शोधून काढणे हेच एक वेगळे काम असते. ते शोधण्याचे काम आपण करावे. टीमच्या प्रलंबित टिकेटांची, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या अडचणींची आणि कामांची, यादी उघडून, महिनोन्महिने कोणी हात न लावलेली लहानशी दोन टिकेटे निवडावीत, त्यांवर झालेली जुनी चर्चा वाचावी आणि मग ‘हे टिकेट मी घेऊ का? मला असे वाटते की अडचण अमुक ठिकाणी आहे, गुरुवारपर्यंत करून दाखवतो’ असे विचारावे. माझ्या अनुभवात या प्रश्नाला नकार मिळाला नाही.

संबोधनाचा प्रश्न लहान वाटतो, पण मराठी मुलांना तो फार छळतो. आयटी कंपनीत वरिष्ठांनाही पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे आणि इंग्रजीत बोलताना ते निभावते. मात्र चाळिशीतला मॅनेजर मराठी निघाला की ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’, हे कळेनासे होते. मी तीन आठवडे कर्त्यालाच वाक्यातून हाकलून ‘ते बघितलं गेलं का?’ अशा पद्धतीने बोलत होतो. शेवटी त्यांनीच ‘अरे म्हण, नाहीतर बोलणंच टाळशील,’ असे सांगितले. सरळ विचारून टाकणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. सकाळच्या स्टँडअपची, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीची, धास्ती असेल तर काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे, अशी तीन वाक्ये आदल्या संध्याकाळी लिहून ठेवावीत. आठवडाभर ती कागदावरून वाचली तरी कोणी हसत नाही.

आता वहीविषयी, कारण या वर्षात माझ्या हातून एकच गोष्ट खरोखर चांगली झाली असेल तर ती हीच. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि कार्यालयातून निघण्याआधी दहा मिनिटे त्या दिवसाची नोंद करावी: काय सांगितले गेले, कोणत्या टीमकडून, मी काय केले, कुठे अडलो, गुंता कोणी आणि कसा सोडवला. माझी ऑगस्टमधली एक नोंद अशी आहे : ‘अहवाल उघडायला ४० सेकंद. एकाच माहितीसाठी डेटाबेसला प्रत्येक ओळीमागे वेगळा प्रश्न जात होता. सगळी माहिती एकदाच मागवली. आता ३ सेकंद. पण रिकाम्या यादीवर बिघडते, ते उद्या.’ महाविद्यालयाच्या अहवालात आणि मुलाखतीत मला सर्वाधिक विचारले गेले ते याच चार-पाच ओळींविषयी. ‘रिकाम्या यादीवर बिघडते’ हे लिहिलेले नसते तर मी ते सांगायला विसरलो असतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला नेमके तेच ऐकण्यात रस होता. एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे. गोपनीयतेच्या करारावर आपली सही असते, त्यामुळे वहीत कोड, ग्राहकांची नावे किंवा पासवर्ड उतरवू नयेत आणि कंपनीची कोणतीही फाइल ‘घरी जाऊन वाचतो’ म्हणून स्वतःच्या मेलवर पाठवू नये. महाविद्यालयाला द्यायचा अहवालही आधी मॅनेजरला दाखवावा.

चूक झाल्यास ती लगेच सांगावी. चौथ्या महिन्यात मी चाचणीसाठीच्या डेटाबेसवर अट न घालता डिलीटची आज्ञा चालवली आणि एक अख्खे टेबल रिकामे झाले. मी आधी ते स्वतःच पूर्ववत करण्याचा प्रयत्न करत बसलो, आणि त्या वेळात टेस्टिंगच्या दोघीजणी आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून शोधत राहिल्या. टीममधल्या वरिष्ठांनी बॅकअपवरून सगळे परत आणले आणि एवढेच विचारले, ‘टेबल गेलं ते ठीक आहे, पण चाळीस मिनिटं तू कुठं होतास?’ त्यानंतर मी कोणती आज्ञा, किती वाजता आणि कोणत्या सर्व्हरवर, हे तीन तपशील पहिल्याच संदेशात लिहायला लागलो.

स्टायपेंडसाठी बँक खात्यावरचे आणि पॅनवरचे नाव अक्षरशः सारखे असल्याची खात्री रुजू होण्याआधीच करावी. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमुळे माझा पहिला स्टायपेंड महिनाभर अडकला होता. टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच वळता केलेला आयकर, कापला गेला असेल आणि वर्षाचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळवता येते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, हे पुष्कळ इंटर्नना माहीत नसते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि लेखी तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. समितीच्या सदस्यांची नावे फलकावर कुठे लावली आहेत, ते गरज पडण्याआधीच पाहून ठेवावे.

नवव्या महिन्याच्या सुमारास पुढे कायम नोकरीची शक्यता आहे का, हे मॅनेजरला स्पष्ट विचारावे, कारण नकार असेल तर मुलाखतींना तीन महिने उरतात. होकार तोंडी असेल तर तो मेलवर येईपर्यंत इतर ठिकाणचे अर्ज थांबवू नयेत. मला नकार मिळाला, आणि तो वेळेवर मिळाल्यामुळे मला तयारीला सवड मिळाली. निघताना अनुभवाच्या पत्रात केवळ तारखा न राहता कामाचे स्वरूप दोन-तीन ओळींत यावे, यासाठी त्या ओळी वहीवरून आपणच लिहून मॅनेजरला पाठवाव्यात. त्यांना तेवढा वेळ नसतो आणि तयार मजकूर बहुधा थोड्या फरकाने स्वीकारला जातो. लॅपटॉप, चार्जर आणि आयडी कार्ड जमा केल्याची पोच मेलवर घ्यावी आणि कंपनीचा मेल बंद होण्याआधी, परवानगी घेऊन, आपली पत्रे वैयक्तिक पत्त्यावर मागवून घ्यावीत. खोलीची चावी त्यानंतर द्यावी, आणि तीही दुपारच्या उजेडात, भिंतींचे फोटो पुन्हा एकदा काढून.