डेटा अ‍ॅक्विझिशनमध्ये चॅनल सेट करताना या चुका टाळा

‘कार्ड खराब झालंय, बदलून द्या’ अशी तक्रार येते आणि बघायला जावं तर बहुतेक वेळा कार्ड (सेन्सरचे सिग्नल मोजून संगणकाला आकडे देणारं उपकरण) ठणठणीत असतं. गडबड चॅनलच्या, म्हणजे कार्डाच्या एकेका इनपुटच्या, सेटिंगमध्ये असते. वायर तुटली की लगेच कळतं, सॉफ्टवेअरने एरर दिला तर तोही समोर दिसतो. चॅनल चुकीचा सेट केला असेल तर मात्र प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आलेख सुरेख येतो, फाइलही सेव्ह होते, आणि आतले आकडे खोटे असतात. म्हणून माझा पहिला नियम असा: ज्याची किंमत आधीपासून माहीत आहे असा सिग्नल प्रत्येक चॅनलला देऊन बघितल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही.

थर्मोकपलचा टाइप न तपासणं

जुन्या प्रोजेक्टची कॉन्फिगरेशन फाइल उचलायची, चॅनलची नावं बदलायची आणि कामाला लागायचं, या सवयीचा मला मनापासून राग आहे. दहा मिनिटं वाचतात आणि आठवडा जातो.

एका ठिकाणी ओव्हनमध्ये नमुने १८० अंश सेल्सिअसला तापवायचे होते. ओव्हनचा कंट्रोलर १८० दाखवत होता आणि संगणक १४३ च्या आसपास. सगळे चॅनल एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, त्यामुळे सगळ्यांनी संगणकावर विश्वास ठेवला. कंट्रोलर चुकतोय असं ठरवून ओव्हन वाढवत नेला. संगणकावर १८० दिसलं तेव्हा ओव्हन खरोखर २३० च्या घरात होता आणि नमुने करपले होते. मला बोलावलं तोवर थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेले तापमानाचे सेन्सर) बदलून झाले होते, केबल बदलून झाली होती, नव्या कार्डाची मागणीही गेली होती. थर्मोकपल होते ‘के’ टाइपचे (टाइप म्हणजे धातूंची जोडी). कॉपी केलेल्या फाइलमध्ये सगळे चॅनल ‘जे’ टाइपवर होते.

सकाळी तपासणी केली नव्हती असंही नाही. खोलीचं तापमान बरोबर येतंय हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्या तपासणीला काही अर्थ नाही. थर्मोकपलचा व्होल्टेज हा दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. कार्डाजवळच्या टोकाचं तापमान वेगळा सेन्सर मोजतो आणि सॉफ्टवेअर ते हिशेबात धरतं. दोन्ही टोकं खोलीच्याच तापमानाला असतील तर व्होल्टेज जवळपास शून्य, म्हणजे टाइप कोणताही निवडा, उत्तर बरोबरच येणार. चूक दिसते ती तापवल्यावर, आणि तापमानाबरोबर वाढत जाते.

म्हणून मी प्रोब उकळत्या पाण्यात बुडवून बघतो. साधारण १०० यायला हवं, उंचावरच्या गावी दोन-तीन अंश कमी. ८३-८४ आलं तर ‘के’ टाइपचा थर्मोकपल ‘जे’ टाइपवर वाचला जातोय, आणखी शोधाशोध नको. तापवल्यावर आकडा खाली जात असेल तर वायर उलट्या जोडल्यात. अमेरिकन रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल वायर ही निगेटिव्ह असते. ‘लाल म्हणजे प्लस’ हे डोक्यात पक्कं बसलेली माणसं इथे हमखास फसतात.

डिफरन्शियल निवडायचं आणि जोडणी सिंगल-एंडेड करायची

ही चूक तर रोजची. सेटिंगमध्ये डिफरन्शियल (दोन वायरमधला फरक मोजणं), पण सेन्सरची निगेटिव्ह वायर खुशाल ग्राउंडच्या टर्मिनलला, म्हणजे सिंगल-एंडेड. डिफरन्शियलमध्ये प्रत्येक चॅनलला दोन टर्मिनल लागतात आणि जोडी कोणाची हे कार्डावर अवलंबून असतं. एनआयच्या (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या) यूएसबी-६००९ कार्डामध्ये एआय० (पहिला अ‍ॅनलॉग इनपुट) ची जोडी एआय४ शी असते, १६ चॅनलच्या बऱ्याच कार्डांत ती एआय८ शी असते. पिनांचा तक्ता उघडून बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नवशिक्यांना नसतो. मी तो छापून टेबलासमोर चिकटवतो.

जोडणी बरोबर असूनही रीडिंग हळूहळू सरकत जाऊन रेंजच्या टोकाला चिकटत असेल, तर सिग्नल बहुधा फ्लोटिंग आहे. बॅटरी, इन्सुलेटेड थर्मोकपल यांचा ग्राउंडशी संबंध नसतो, त्यामुळे कार्डाच्या इनपुटमधल्या बारीकशा करंटला परतीची वाट मिळत नाही. निगेटिव्ह टर्मिनल आणि अ‍ॅनलॉग ग्राउंड यांच्यामध्ये १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा. याउलट, आधीच ग्राउंड असलेलं उपकरण सिंगल-एंडेडवर जोडलं की ग्राउंड लूप तयार होतो आणि मेन्सची घरघर सिग्नलवर येऊन बसते. त्यावर सॉफ्टवेअरमधून फिल्टर लावणारे बरेच भेटतात. आधी डिफरन्शियलवर जा, फिल्टरचं नंतर बघू.

रेंज ±१० व्होल्टवरच ठेवणं

१६ बिटच्या कार्डावर ±१० व्होल्टच्या रेंजची (मोजायच्या व्होल्टेजच्या मर्यादेची) एक पायरी सुमारे ३०५ मायक्रोव्होल्टची. के टाइपचा थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे आकडा सात-सात अंशांच्या उड्या मारणार. ±०.१ व्होल्टची रेंज असेल तर ती घ्या.

रिकामा चॅनल बोलतोय म्हणून घाबरणं

काहीच न जोडलेल्या चॅनलवर शेजारचा सिग्नल दिसतो, कारण अनेक कार्डांत एकच कन्व्हर्टर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आळीपाळीने सगळे चॅनल वाचतो आणि आधीच्या चॅनलचा चार्ज मागे उरतो. रिकामा चॅनल यादीतून काढा किंवा ग्राउंड करा. जोडलेल्या चॅनलवरही तसंच होत असेल तर सोर्सचा, म्हणजे सिग्नल देणाऱ्या सेन्सरचा, इम्पिडन्स (विद्युत अडथळा) जास्त आहे. सॅम्पलिंगचा वेग कमी करून बघा.

४-२० मिलिअ‍ॅम्पियरचं स्केलिंग

अशा सिग्नलमध्ये ४ म्हणजे रिकामं आणि २० म्हणजे पूर्ण. २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे १ ते ५ व्होल्ट येतात. स्केल ० ते ५ धरलात तर रिकामी टाकी २० टक्के भरलेली दिसेल.

सॅम्पलिंगच्या वेगाची वाटणी विसरणं

यूएसबी-६००९ चा सेकंदाला ४८,००० सॅम्पल (मोजण्या) हा आकडा सगळ्या चॅनलचा मिळून आहे. आठ चॅनल लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला ६,००० सॅम्पल येतात.

उपकरणाचं नाव गृहीत धरणं

कार्ड बदललं की उपकरणाच्या ‘डेव्ह१’ या नावाचं ‘डेव्ह२’ होऊ शकतं आणि एनआयचा ड्रायव्हर -२००२२० हा एरर देतो, म्हणजे त्या नावाचं उपकरण त्याला सापडत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकत बसू नका. कॉन्फिगरेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन उपकरणाला जुनं नाव द्या. दोन सारखी कार्डं असतील तर नाव देण्याआधी सीरियल नंबर जुळवा, कारण नावं अदलाबदल झाली तर एररही येत नाही.