मुलांना गोडाचं प्रमाण शिकवताना या चुका टाळा

"भाजी संपव, मग चॉकलेट देते." या वाक्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी म्हणजे काम आणि चॉकलेट ही त्याची मजुरी. भाजी नावडती होते, चॉकलेटचा भाव वाढतो. त्यापेक्षा ज्या दिवशी गोड द्यायचंच आहे, त्या दिवशी ते बाकीच्या जेवणासोबतच ताटात वाढा: एक लहान तुकडा, कुठलीही अट नाही, आणि पुन्हा वाढणं नाही. पहिले काही दिवस मूल आधी गोडच उचलेल. इथेच बहुतेक पालक धास्तावतात आणि जुन्या अटीवर परत येतात. खाऊ द्या. अट गेली की बहुतेक मुलांचं गोडाचं अप्रूप हळूहळू ओसरतं.

पूर्ण बंदी

जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९९मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या खाऊवर बंधन घातलं की मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलतात, तोच जास्त मागतात, असं त्यांत दिसलं. समोर दिसतंय पण हात लावायचा नाही, ही स्थिती सगळ्यात वाईट. म्हणून बरणी टेबलावर ठेवू नका, आणि आठवड्याला वाटून संपेल एवढाच खाऊ घरात आणा. दोन वर्षांखालच्या बाळांना मात्र वरून घातलेली साखर देऊच नये.

पाकीट हातात देणं

पाकिटातून खाताना किती झालं हे मोठ्यांनाही कळत नाही. मुलाला बोलावण्याआधीच पाकीट उघडा, दोन बिस्किटं बशीत काढा, पाकीट बंद करून आत ठेवा. मग बशी समोर द्या आणि बसून खायला लावा. "आणखी एक!" आलं तर उत्तर ठरलेलं असू द्या: "आजचं गोड झालं. भूक असेल तर केळं आहे." मूल रडलं आणि दहा मिनिटांनी तुम्ही तिसरं बिस्किट दिलंत, तर दहा मिनिटं रडावं लागतं हेच ते शिकेल. कधी द्यायचं, कधी नाही, अशी धरसोड झाली तर हट्ट आणखी चिवट होतो. आई नाही म्हणते आणि बाबा देतात, हीसुद्धा धरसोडच. ते आधी आपसात मिटवा.

दिवसभर थोडं-थोडं

"एक गोळीच तर आहे" असं म्हणत दिवसात सहा गोळ्या होतात. दातांसाठी हे सहा गोळ्या एकदम खाण्यापेक्षा वाईट. साखर मिळाली की दातांवरच्या थरातले जिवाणू आम्ल तयार करतात. काही मिनिटांत सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली जातो आणि दातांतले क्षार विरघळू लागतात. लाळेला हे पूर्ववत करायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढची गोळी तोंडात पडते. गोड जेवणासोबत द्या, मधल्या वेळी पाणी.

ज्यूस म्हणजे फळ, हा समज

रस काढला की तंतू बहुतांशी जातात, साखर उरते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०१७ची मर्यादा अशी: एक वर्षाखाली अजिबात नाही, १ ते ३ वर्षांना दिवसाला साधारण १२० मिलिलिटर, ४ ते ६ वर्षांना १२० ते १८०, आणि त्यापुढे २४०. अख्खं फळ चावून खाल्लेलं केव्हाही बरं.

गोड पेय घेताना लेबलवर 'साखर' ही ओळ शोधा आणि आकडा १०० मिलिलिटरचा आहे की एका वाढणीचा, हे आधी पाहा. समजा १०० मिलिलिटरमध्ये ११ ग्रॅम आहे आणि बाटली २०० मिलिलिटरची, तर साखर झाली २२ ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते, म्हणजे साडेपाच चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशन २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. ग्लुकोज सिरप, मध, फळांच्या रसाचा अर्क ही नावं घटकांच्या यादीत आली, तर तीही साखरच धरायची.

एका दिवसात सगळं बंद

दुधात दोन चमचे साखर घेणाऱ्या मुलाला उद्या फिकं दूध दिलंत तर कप तसाच परत येईल. पहिल्या आठवड्यात पावणेदोन चमचे, पुढच्या आठवड्यात दीड, असं दर आठवड्याला पाव चमचा उतरवत चला. चमचा सपाट करून मोजा, अंदाजाने घातलं की प्रमाण पुन्हा चढतं. एखाद्या पायरीवर कप अर्धा उरायला लागला, तर मागे न जाता त्याच मापावर आणखी आठवडाभर थांबा.