खाण बंद झाली, आता जमीन आणि नाला: या चुका टाळा

वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड या कोळसा पट्ट्यातली ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खणलेली, खाण बंद झाली की मागे तीन गोष्टी उरतात: कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे म्हणजे ओबीचे डंप, पाण्याने भरत जाणारा खड्डा आणि खाणीसाठी कधीकाळी बाजूला वळवलेला नाला. दुरुस्तीला येणाऱ्या मंडळींचा हात बहुधा पाणलोटाच्या कामावर बसलेला असतो आणि गडबड तिथेच सुरू होते. डोंगराच्या पोटात खडक असतो; डंपच्या पोटात टिपरने ओतलेला भुसभुशीत माल.

डंपच्या उतारावर सीसीटी खणणं

सीसीटी, म्हणजे उताराला आडवे खणलेले सलग समतल चर, माळरानावर उत्तम. तिथे मुरलेलं पाणी खडकाच्या फटींत उतरतं, विहिरीला लागतं. डंपच्या उतारावर तेच पाणी मालात साठतं, त्याचं वजन वाढवतं आणि पकड सैल करतं. मग जुलैच्या झडीत अख्खा पदर घसरतो. त्याआधी वरच्या काठाला समांतर भेग पडते. ती दिसली की तिथे यंत्र चढवू नका. वरचं पाणी दुसरीकडे वळवा, भेग मातीने ठासून भरा आणि पायथ्याला मोठ्या दगडांचं वजन द्या.

डंपचा एकूण उतार २८ अंशांच्या आत हवा, अशी अट पर्यावरण मंजुरीत बहुधा असते. त्यासाठी टप्पे, म्हणजे बेंच, ठेवतात. बेंच बाहेरच्या बाजूला कललेला राहिला तर पाणी काठावरून ओघळतं आणि दोन पावसाळ्यांत घळ पडते. बेंच आतल्या बाजूला झुकवा, लांबीला साधारण १ टक्का ढाळ द्या आणि जमा झालेलं पाणी दगडी उतरणीवरून खाली सोडा. पायथ्याशी गार्लंड ड्रेन, म्हणजे डंपला वेढणारी चर, आणि त्याच्या तोंडाशी गाळाची टाकी हवी. टाकी निम्मी भरली की उपसायची. दिवाळीनंतर बघू म्हटलं की सगळा गाळ नाल्यात गेलेला असतो.

वाफसा नसताना काळी माती पसरणं

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, ठेकेदाराला लागतं. ओल्या काळ्या मातीवर डोझर फिरला की खाली तवा, म्हणजे दाबून कडक झालेला थर, तयार होतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी उभं, रोपं पिवळी, असं दिसलं तर १२ मिलिमीटरची सळई हाताने जमिनीत दाबून पाहा. १५-२० सेंटिमीटरवर ती सगळीकडे अडत असेल तर दोष रोपांचा नाही. सपाट भागात, माती कोरडी असताना, रिपरने, म्हणजे डोझरमागच्या लोखंडी दाताने, ५०-६० सेंटिमीटर खोल फाडणी करा.

वरच्या थराची माती वेगळी काढून ठेवली असेल तर तिचा ढीग २-३ मीटरपेक्षा उंच नको. उंच ढिगात हवा पोचत नाही आणि मातीतला जीव संपतो. पसरायचं काम मार्च ते मे. उतारावर मात्र निव्वळ काळी माती टाकू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाचं पाणी भेगांतून खाली जातं आणि थर चादरीसारखा सरकतो. आधी उतार आडवा खरवडा, मग मुरूम मिसळलेली माती पातळ थरात द्या.

नाला सरळ करणं

सगळ्यात महागडी चूक ही. वळवलेला नाला कालव्यासारखा सरळ खणलेला असतो आणि खाण बंद झाल्यावर त्यालाच पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, करून काम संपवलं जातं. हिशेब पाहा. समजा, मूळ नाला १,८०० मीटर वळणं घेत ५.४ मीटर उतरत होता: ढाळ ०.३ टक्के. सरळ केल्यावर लांबी १,२०० मीटर, उतरणं तेच ५.४ मीटर: ढाळ ०.४५ टक्के. दीड मीटर खोल पुरात तळावरची ओढ दर चौरस मीटरला ४.५ किलोवरून पावणेसात किलोवर जाते. पूर्वी साधारण ६ सेंटिमीटरचा गोटा हलायचा, आता ९ सेंटिमीटरचाही हलतो. तळ खचतो, काठ ढासळतात आणि दोष पावसाला जातो.

वळणं परत द्या. मूळ नाला कुठून जायचा ते गाव नकाशात आणि जुन्या टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) सापडतं. नेहमीच्या पाण्यासाठी लहान पात्र आणि दोन्ही बाजूंना पूर पसरायला सखल पट्टा ठेवा. खोलीकरण-रुंदीकरणाची सवय इथे आवरा. नवं पात्र जुन्या पात्राला मिळतं तिथे १ मीटरची उभी पायरी राहिली तर धूप तिथून मागे सरकत वरपर्यंत येते. त्या जागी १ः२० उताराची, म्हणजे २० मीटर लांबीची दगडी उतरण बांधा.

भरावावरून पात्र नेणं

शक्यतो नाला न खणलेल्या जमिनीवरूनच न्या. सैल टाकलेला ४० मीटर जाडीचा भराव १ टक्का बसला तरी ४० सेंटिमीटर खाली जातो, तोही सगळीकडे सारखा नाही. ०.३ टक्के ढाळात २०० मीटरला जेमतेम ६० सेंटिमीटर उतार मिळतो. म्हणजे मधेच डबकं, नाहीतर पाणी उलट्या दिशेने. इलाज नसेल तर दर ५० मीटरला लेव्हलचे खांब रोवा, दोन पावसाळे मोजणी करा, मगच पात्र खणा. तळाला १५-२० सेंटिमीटरच्या थरांत दाबलेली ६० सेंटिमीटर चिकणमाती आणि ती उन्हात फाटू नये म्हणून वर ३० सेंटिमीटर मुरूम-गोटा.

मिळेल तो दगड वापरणं

ओबीतला शेल, म्हणजे चिखलाचा बनलेला थरांचा खडक, कोरडा असताना दगडासारखा वाटतो. बादलीत रात्रभर भिजवा, दिवसभर उन्हात ठेवा, असं चार-पाच वेळा करा. बादलीच्या तळाशी चिखल दिसला तर तो दगड पिचिंगला नको; काळा बेसॉल्ट आणा. गॅबियनच्या, म्हणजे दगड भरायच्या तारेच्या पेटीच्या, १०×१२ सेंटिमीटर जाळीत १५-२५ सेंटिमीटरचे दगड भरा आणि मागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) किंवा वाळू-खडीचा गाळणी थर द्या. तो नसेल तर मागची माती फटींतून वाहून जाते आणि धडधाकट दिसणारी भिंत पोकळीवर उभी राहते.

आधी झाडं, मग गवत

क्रम उलटा हवा. पहिल्या पावसात मारवेल, पवन्या ही गवतं आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा. झाडं पुढच्या वर्षी. काठावर पाण्यालगत वाळा आणि निर्गुडी, वर करंज, जांभूळ, अर्जुन. सुबाभूळ लवकर हिरवं दाखवते, पण नंतर दुसऱ्या कशाला जागा देत नाही.

खड्ड्याचं पाणी नाल्याला जोडण्याची घाई

पाणी काचेसारखं नितळ आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. आम्ल पाण्यात बहुतेक शेवाळही धरत नाही. सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या बाहेर असेल तर जोडणी थांबवा. दगडांवर नारिंगी गाळ बसत असेल तर कुठेतरी गंधकयुक्त शेल किंवा कोळशाचा चुरा हवेला उघडा आहे. तो शोधून चिकणमातीखाली गाडा. मालात १ टक्का सल्फाइड गंधक असेल तर दर टनाला सुमारे ३१ किलो चुनखडी लागते, तीही कागदावर. प्रत्यक्षात चुनखडीच्या खड्यांवर लोखंडाचा लेप बसून ते निकामी होतात, म्हणून बारीक दळलेली आणि जास्त घ्या.