फलनांचे कुल नॉर्मल आहे का, हे कसे तपासावे

संमिश्र चल झेडच्या विश्लेषक (विकलनीय) फलनांचे कुल नॉर्मल म्हणजे त्यातल्या फलनांच्या कोणत्याही क्रमिकेतून अशी उपक्रमिका निवडता येते, जी प्रत्येक बिंदूभोवती एकसमान, म्हणजे सगळीकडे सारख्याच वेगाने, अभिसरण पावते. आधी प्रांत, म्हणजे फलने जिथे पाहायची तो भाग, ठरवा. त्याशिवाय प्रश्नालाच अर्थ नाही. झेड, झेडचा वर्ग, झेडचा घन… हे कुल एकक चकतीत नॉर्मल आहे, पण २ त्रिज्येच्या चकतीत नाही. एकक वर्तुळाच्या आत सीमा ०, बाहेर अनंत. मग वर्तुळावरच्या कोणत्याही बिंदूभोवती एकसमान अभिसरण कसे होणार?

मग माँटेलचा निकष लावा: प्रत्येक बिंदूभोवती सगळ्या फलनांना एकच मर्यादा असेल, तर कुल नॉर्मल. प्रत्येक बिंदूभोवती प्रांतात मावणारी, २र त्रिज्येची बंद चकती घ्या आणि कुलातल्या सगळ्या फलनांना पुरेल अशी एकच मर्यादा म शोधा. कोशीच्या असमानतेनुसार र त्रिज्येच्या चकतीत एकाही विकलजाचा मापांक म/र च्या वर जात नाही. यातून समसातत्य मिळते, म्हणजे सगळी फलने एकाच प्रमाणात सतत राहतात. पुढचे काम, म्हणजे अभिसारी उपक्रमिका मिळवणे, आर्झेला–अस्कोली प्रमेय करते. म चकतीगणिक बदलला तरी चालतो, फलनागणिक बदलता कामा नये. बहुतेक सिद्धता इथेच फसतात.

मर्यादा सापडत नसेल, तर फलने कोणत्या किमती घेतच नाहीत ते पाहा. प्रत्येक फ चा वास्तव भाग धन असेल, तर (फ−१)/(फ+१) चा मापांक १ पेक्षा कमी राहतो, म्हणजे हे नवे कुल नॉर्मल. मात्र मूळ कुलात सीमा अनंतही येऊ शकते (१, २, ३… ही स्थिर फलने घ्या). ती टाळायची तर एका बिंदूवरच्या किमतींना मर्यादा घाला.