पावसाळी घाटातले फोटो फिके येतात? आधी आकाश कापा

जुलै लागला की सगळ्या ग्रुपांवर ताम्हिणीचे फोटो पडायला लागतात आणि सगळे एकाच साच्यातले, खाली हिरवा पट्टा, वर पांढराफटक पट्टा आणि मधे कुठेतरी केसाएवढा धबधबा. सोबत ठरलेलं वाक्य, 'फोटोत तेवढं येत नाही यार'. येतं की! मी पण चार पावसाळे हेच फोटो काढलेत म्हणून सांगतो, कॅमेऱ्याची चूक नाहीये, आकाशाची आहे.

ढग भरलेले असले की फ्रेममधली सगळ्यात उजळ जागा म्हणजे आकाश. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, त्याच्यावर ठरवलं की डोंगर काळेकुट्ट, डोंगरावर ठरवलं की आकाश कोरा कागद. मोबाईलचा एचडीआर (उजळ आणि काळोखा भाग दोन्ही सांभाळणारा मोड) थोडंफार सावरून घेतो, पण मुळात त्या आकाशात बघण्यासारखं काहीच नसतं मग अर्धा फोटो त्याला द्यायचा कशाला? फ्रेमची वरची कड सरळ कड्याच्या पोटावर आणून ठेवा. कातळ, त्याच्यावरून येणाऱ्या दोन धारा, खाली झाडी, बस. कडा किती उंच आहे हे बघणाऱ्याला कळतच नाही आणि त्यामुळेच तो जास्त उंच वाटतो.

मोबाईलवाल्यांनी ०.५ च्या वाइड लेन्सला हात लावू नका, त्याने समोरचा अख्खा डोंगर टेकडीएवढा होतो. टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारा कॅमेरा) असेल तर तो वापरा, कॅमेरा असेल तर किटसोबत आलेली ती झूम लेन्स जी आपण फक्त पक्ष्यांसाठी ठेवून दिलेली असते ती काढा. १०० ते २०० एमएम एवढ्या झूमला एकामागे एक डोंगररांगा जवळ येतात, मधे धुकं अडकलेलं असतं आणि फोटोला आपोआप खोली येते.

धुक्याबद्दल एकच, ते हलतं. माळशेजला लोक गाडीतून उतरतात, 'काहीच दिसत नाही' म्हणतात, भजी खातात आणि निघतात. तुम्ही फ्रेम लावून वीस मिनिटं तिथेच उभे राहा, कडा अर्धाच उघडा पडतो तो क्षण हवाय आपल्याला. (भजी तेवढ्यात खाता येतात.) पूर्ण धुकं असेल तर एक्स्पोजर +०.७ ते +१ करा, कारण पांढरं दिसलं की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. उलट ढग फाटून उन्हाचा एखादा तुकडा उतारावर फिरत असेल तर -१ करा, तो तुकडा सांभाळा, बाकीचं अंधारात गेलं तरी छान दिसतं.

आता पैसे खर्च करायचेच असतील तर नवीन लेन्स नको, पोलरायझर घ्या, म्हणजे लेन्सवर लावायचा, चकाकी काढणारा फिल्टर. लोकांना वाटतं तो निळ्या आकाशासाठी असतो, पण त्याचं खरं काम पावसाळ्यात आहे. ओल्या पानांवर आणि ओल्या कातळावर ते पांढरं आकाशच चमकत असतं, म्हणून हिरवा रंग धुतल्यासारखा येतो. फिल्टर हळूहळू फिरवा, एका जागी ती चमक जाते आणि पानाचा खरा रंग वर येतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडाने 'अरे!' म्हणालो होतो. मोबाईल असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवा, जुगाड आहे पण चालतो. उजेड साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो एवढं लक्षात ठेवा.

धबधब्याला ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ८ ते ११ आणि शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं. दहा दहा सेकंद ठेवून पाण्याचा कापूस करू नका, धारा दिसल्या पाहिजेत. नाणेघाटात मात्र उलटं, तिथे कोकणातून येणारा वारा पाणी वर उडवतो, तर शटर १/५०० सेकंदाहून वेगवान ठेवा आणि वाऱ्याकडे पाठ करून लेन्स पुसत बसा. ओढ्यात उभे असाल आणि पाणी एकदम गढूळ झालं तर वर जोरात पाऊस झालाय, लगेच बाहेर या, ट्रायपॉड राहिला तर राहू दे.

आणि एक माझा मूर्खपणा. एकदा पुण्यापासून एसी लावून गेलो, घाटात उतरलो, मस्त उजेड होता, चाळीसेक फोटो काढले, घरी येऊन बघतो तर सगळे दुधात बुडवलेले. गार लेन्सवर बाहेरची दमट हवा बसून वाफ धरली होती आणि छोट्या स्क्रीनवर मला ते धुकं वाटलं! तेव्हापासून पोचायच्या पंधरा वीस मिनिटं आधी एसी बंद, काचा खाली, बॅग डिकीत. खिशात मायक्रोफायबरचे दोन रुमाल, एक ओला होतोच. हॉटेलातली ती शॉवर कॅप टाकू नका, कॅमेऱ्याला बरोब्बर बसते.

जवळचं काहीतरी फ्रेममध्ये घ्या हे सगळेच सांगतात, पण जुलैत लावणीच्या वेळी भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात त्यासारखं दुसरं काही नाही. गुडघ्यावर बसा, मागचा डोंगर पाण्यात दिसेल. बांधावरून चाला, रोपांत पाय नको.

एडिटिंगला लोक पहिलं सॅच्युरेशन ओढतात आणि डोंगर पोपटी रंगाचा प्लास्टिक होतो. हिरवा उलट थोडा कमी करा, किंचित पिवळ्याकडे सरकवा, आणि काळ्याचा (ब्लॅक्सचा) स्लायडर खाली ओढा म्हणजे ओला कातळ ओला दिसतो. एवढं करूनही वर तो पांढरा पट्टा राहिलाच असेल तर क्रॉप बटण आहेच.